बेचाळीस वाघिणी, नऊ तास: साखरेचा रेक वेळेत कसा भरायचा

मालगाडीची कार्यक्षमता म्हटली की बोलणे गाडीच्या वेगावर जाते. पण वाघिणीचा, म्हणजे मालडब्याचा, बराचसा वेळ धावण्यात जातच नाही. भरण्यासाठी, रिकामी होण्यासाठी, इंजिनासाठी, कागदासाठी ती उभी असते. समजा एका वाघिणीचा फेरा, म्हणजे एकदा भरल्यापासून पुन्हा भरेपर्यंतचा काळ, पाच दिवसांचा आहे. त्याचे १२० तास झाले. भरण्याच्या आणि उतरवण्याच्या धक्क्यांवर मिळून त्यातले सहा तास वाचले, तर तेवढ्याच वाघिणींत वर्षाला सुमारे पाच टक्के जास्त माल जातो. त्यासाठी नवे रूळही लागत नाहीत, नवे इंजिनही नाही.

हे सहा तास कुठे मिळतात ते पाहण्यासाठी एकच उदाहरण शेवटपर्यंत नेऊ. पश्चिम महाराष्ट्रातला साखर कारखाना, रेल्वेचा मालधक्का, बंद वाघिणींचा बीसीएन गटातला ४२ डब्यांचा रेक (म्हणजे एकत्र चालणारी अख्खी मालगाडी) आणि ५० किलोची पोती. कारखान्याचा वाहतूक अधिकारी, हुंडेकरी आणि धक्क्यावरचा हमाली कंत्राटदार या तिघांसाठी हा हिशेब आहे. सिमेंट किंवा खत भरणाऱ्यांनी आकडे बदलून तोच वापरावा.

आधी कागदावरचा हिशेब

वाघिणीत १,२६० पोती धरू, म्हणजे ६३ टन. ४२ वाघिणींची ५२,९२० पोती, वजन २,६४६ टन. भरण्यासाठी रेल्वे जो मोफत वेळ देते तो वाघिणीच्या प्रकारावर आणि माल हाताने भरता की यंत्राने यावर ठरतो. आपण नऊ तास धरू. त्यानंतर डेमरेज, म्हणजे वाघिणी अडकवून ठेवल्याचा आकार, लागतो. त्याचा आधार दर आठ चाकी वाघिणीला तासाला १५० रुपये आहे. उशीर वाढला की दर चढतो आणि त्यावर जीएसटी असतो. चालू परिपत्रकातला दर बघूनच आकडा धरा. दोन गोष्टी नवख्याला महागात पडतात. तासाचा तुकडाही पूर्ण तास धरला जातो. आणि रेक एकत्र मोजला जातो, त्यामुळे एकच वाघीण रखडली तरी बेचाळीसही रखडल्या. तासाला ६,३०० रुपये.

आता माणसे. सहा जणांची टोळी थप्पीतून किंवा ट्रकमधून वाघिणीत तासाला सुमारे २२० पोती टाकते असे धरा. तुमच्या धक्क्यावरचा आकडा वेगळा असेल. तो मुकादमाला विचारू नका, घड्याळ लावून मोजा, आणि पहिल्या नव्हे तर चौथ्या तासाला मोजा.

नेहमीची चूक इथे होते. ५२,९२० भागिले २२०, भागिले ९, म्हणजे २७ टोळ्या पुरतील, असा हिशेब केला जातो. पण नऊ तास पोती उचलायला मिळत नाहीत. सुरुवातीचा एक तास वाघिणी तपासणे, झाडणे, फळ्या लावणे यात जातो. पाऊण तास जेवण आणि विश्रांतीचा. शेवटचा पाऊण तास दारे, सील आणि मोजणीचा. उरतात साडेसहा तास. २७ टोळ्यांना नुसत्या भरणीलाच जवळजवळ नऊ तास लागतात, वरचे अडीच मिळवले की साडेअकराच्या घरात. म्हणजे तीन तासांचे डेमरेज, आधार दरानेच १८,९०० रुपये.

एका वाघिणीला एक टोळी दिली तर ४२ टोळ्या, २५२ माणसे. १,२६० पोत्यांना ५ तास ४४ मिनिटे, अधिक अडीच तास, एकूण ८ तास १४ मिनिटे. हाताशी पाऊण तास राहतो. शिवाय कुठल्याच टोळीला फळी उचलून दुसऱ्या वाघिणीकडे जावे लागत नाही.

इतकी माणसे परवडतात का? मजुरी पोत्यावर किंवा टनावर असेल तर हमालीचे बिल तेवढेच राहते, फक्त जास्त जणांत वाटले जाते. अडचण हीच आहे. मुकादमाला थोड्या माणसांत काम उरकायचे असते, कारण मग माथापिछू जास्त पडते, आणि त्याच्या बाजूने ते बरोबरही आहे. म्हणून माथाडी मंडळामार्फत कामगार घेताना रेकच्या दिवसाची किमान हजेरी आधी ठरवा आणि रेक रात्री आला तर जाण्या-येण्याची सोय करा. त्याचा खर्च डेमरेजच्या शेजारी लिहून पाहा आणि मग निर्णय घ्या.

ट्रकचे गणित, जे सहसा कोणी करत नाही

एका ट्रकमध्ये ५०० पोती, म्हणजे २५ टन धरले, तर १०६ खेपा. ५ तास ४४ मिनिटांत १०६ ट्रक म्हणजे सव्वातीन मिनिटाला एक. धक्क्याच्या फाटकावर चलन तपासून, नोंद करून ट्रक आत सोडायला पाच मिनिटे लागत असतील तर तासाला १२ ट्रक जातात, भरणीच्या पूर्ण वेळेत ६९. उरलेल्या ३७ ट्रकांचा माल वेळेत पोहोचूच शकत नाही. कितीही ट्रक भाड्याने आणले तरी ते फाटकाबाहेर रांगेत उभे राहतील आणि आत टोळ्या बसून राहतील.

म्हणून निम्मा माल रेक येण्याआधी धक्क्यावर थप्पी लावून ठेवायचा. त्यासाठी आगाऊ माल रचण्याची परवानगी आणि तिची मुदत मालबाबूकडून, म्हणजे धक्क्यावरच्या रेल्वे कारकुनाकडून, लेखी घ्या. मुदत संपली की धक्क्यावर पडलेल्या मालाला वार्फेज, म्हणजे जागा अडवल्याचा आकार, लागतो. रेक लांबतोय असे दिसले की थप्प्या वाढवणे थांबवा.

प्रत्येक वाघिणीसमोर ६३० पोत्यांची थप्पी. खाली ९ बाय ७, म्हणजे ६३ पोती, आणि १० थर. जागा साधारण सव्वासात मीटर बाय साडेतीन मीटर लागते. तळाशी लाकडी फळ्या किंवा बांबूच्या चटया आणि वर जाड प्लास्टिक. उघड्या धक्क्यावर नुसते प्लास्टिक पुरत नाही, कारण रात्री खालून ओल येते आणि तळाच्या थरातली साखर गठ्ठा होते. थप्पी आणि धक्क्याची कड यांत तीन मीटर मोकळे ठेवा, नाहीतर पोते घेऊन जाणारा आणि रिकामा परतणारा एकमेकांना अडतात.

थप्प्यांच्या अंतरात एक सापळा आहे. बीसीएनए वाघीण कपलरसह १४.४५ मीटर लांब, जुनी बीसीएन साधारण १५.४३ मीटर. १४.४५ च्या मापाने ४२ खुणा करून थप्प्या लावल्या आणि रेकमध्ये बीसीएन आल्या, तर दर वाघिणीला जवळजवळ एक मीटर सरकते. विसाव्या वाघिणीशी थप्पी सव्वा वाघिणीने मागे पडते, चाळिसाव्याशी अडीच वाघिणींनी. मग प्रत्येक पोत्यामागे वीस-तीस मीटरची पायपीट आणि तासाला २२० चे १५० होतात. रेक निघाला की फॉइस या रेल्वेच्या मालवाहतूक संगणक प्रणालीवर वाघिणींचे क्रमांक आणि प्रकार दिसतात. ती यादी मालबाबूकडून घेऊन मगच शेवटच्या थप्प्यांची जागा नक्की करा. यादी मिळेपर्यंत थप्प्या धक्क्याच्या मध्यापासून दोन्हीकडे लावत जा, म्हणजे चूक झाली तरी ती निम्मीच वाढते. इंजिन कुठे उभे राहील त्याची खूण पक्की करून घ्या. बेचाळीस बीसीएनएंचीच लांबी ६०७ मीटर होते, त्यामुळे इंजिन वीस मीटर पुढे थांबले तरी सगळे अंतर बिघडते.

तुमचा धक्का अर्ध्याच रेकचा असेल तर रेक दोन तुकड्यांत लागतो आणि मधे शंटिंग येते. अशा ठिकाणी पहिल्या तुकड्याला ४२ टोळ्या लावून काहीच मिळत नाही. दोन पाळ्यांत माणसे बोलवा आणि दोन्ही तुकड्यांच्या प्लेसमेंटची, म्हणजे धक्क्याला लागण्याची, वेळ वेगवेगळी लिहून घ्या.

चार वाघिणींचा गट

ट्रकमधून येणारी पोती वाघिणीमागे ६३०, आणि ट्रकमध्ये ५००. हे जुळत नाही, म्हणून हिशेब चार वाघिणींच्या गटाने करा. पाच ट्रक म्हणजे २,५०० पोती, गरज २,५२०. असे दहा गट, आणि उरलेल्या दोन वाघिणींना तीन ट्रक. एकूण ५३ ट्रक. शेवटच्या तिसऱ्या ट्रकमध्ये २४० पोती उरतात. त्यातली २०० दहा गटांची वीस-वीसची तूट भरतात, ४० फाटक्या पोत्यांच्या बदल्यात. प्रत्येक गटाला एक मोजणारा, असे अकरा जण. त्याच्याकडे वाघिणींचे क्रमांक, ट्रकचे चलन आणि खडू. दर पन्नास पोत्यांना वाघिणीच्या दाराशी एक रेघ.

सगळ्या टोळ्यांनी आधी थप्पी संपवायची आणि मग ट्रकला हात लावायचा, असे मात्र करू नका. तसे केले तर पहिले २ तास ५२ मिनिटे ट्रक नुसते उभे राहतात आणि उरलेल्या तेवढ्याच वेळात सगळे ५३ रिकामे करावे लागतात. पुन्हा सव्वातीन मिनिटाला एक ट्रक! पाच गटांनी थप्पीपासून सुरुवात करावी, पाच गटांनी ट्रकपासून, आणि अर्ध्यावर अदलाबदल. मग साडेसहा मिनिटांना एक ट्रक लागतो आणि तो फाटकातून सहज आत येतो.

रेक लागल्यावरचा पहिला तास

प्लेसमेंटची वेळ मालबाबूच्या नोंदीत काय लिहिली आहे ते बघून तिथेच सही करा. आपले नऊ तास त्या मिनिटापासून सुरू होतात. गाडी स्टेशनात आली ती वेळ आणि वाघिणी धक्क्याला लागून ताब्यात मिळाल्या ती वेळ वेगळी. वाद झाला तर हाच कागद लागतो.

मग तपासणी. दोघांनी वाघिणीत शिरायचे, बाहेरून दारे लावून घ्यायची आणि अंधारात वर बघायचे. जिथे उजेडाचा ठिपका दिसतो तिथून पाणी येणार. रात्री हेच उलटे करा: एकाने बाहेरून छतावर आणि कडांवर बॅटरी फिरवायची. बारीक भोक डांबरी पट्टीने बुजते. पत्रा फाटला असेल तर वाघीण नाकारा. तळात वर आलेले खिळे, वाकलेला पत्रा, दाराच्या बिजागऱ्या आणि खिळी बघा. आधीच्या मालाचा वास घ्या. खत किंवा रसायन गेलेल्या वाघिणीत साखर भरली तर ग्राहक पोती परत पाठवतो आणि झाडूने तो वास जात नाही. सिमेंटची धूळ मात्र झाडून निघते. तीन वाघिणींना दोन झाडणारे दिले तर अर्ध्या तासात उरकते.

नाकारायची वाघीण याच तासात नाकारा. टीएक्सआरला, म्हणजे गाडी तपासनिसाला, लेखी कळवा. रिकामी वाघीण बाजूला काढणे हा शंटिंगचा प्रश्न असतो. भरलेली नादुरुस्त निघाली तर १,२६० पोती पुन्हा हाताळावी लागतात.

भरताना

आधी वाघिणीची दोन्ही टोके, दारासमोरची जागा शेवटी. पूर्ण भरल्यावर दोन्ही अर्ध्यांत ६३०-६३० पोती असली पाहिजेत. थप्पीची पोती एका अर्ध्यात आणि ट्रकची दुसऱ्यात टाकली की समतोल आपोआप साधतो. मोजणी चुकली तर चूक कोणत्या अर्ध्यात आहे तेही कळते, अख्खी वाघीण उपसावी लागत नाही. वजन एका बोगीवर, म्हणजे वाघिणीच्या एका टोकाखालच्या चाकांच्या सांगाड्यावर, जास्त आले तर तिच्या स्प्रिंगा दबतात आणि वळणावर दुसऱ्या बोगीची हलकी चाके रुळावर चढण्याचा धोका वाढतो. सुटण्याआधी खाली वाकून दोन्ही बोगींच्या स्प्रिंगा एकदा बघाव्यात. फरक डोळ्यांना दिसतो.

दारावर पोत्यांचा भार येऊ देऊ नका. दाराजवळचे थर पायऱ्यांसारखे आत झुकते ठेवा. सरळ भिंत रचली तर ती धक्क्यांनी दारावर कलते आणि पोहोचल्यावर दार उघडत नाही, किंवा उघडताच पोती माणसाच्या अंगावर येतात.

हुक वापरू देऊ नका. ज्यूटचे पोते हुकने उचलले की एक छिद्र पडते आणि दोन हजार किलोमीटरच्या हादऱ्यांत त्यातून किलोभर साखर जाते. प्रत्येक गटाकडे दाभण, सुतळी आणि रिकामी पोती असावीत.

जादा वजनाकडे बहुतेकांचे लक्ष जाते, पण पोत्याच्या स्वतःच्या वजनाकडे नाही. ज्यूटचे रिकामे पोते अर्ध्या किलोच्या आसपास असते. वाघिणीमागे ६३० किलो, रेकमागे २६ टनांहून जास्त. निव्वळ साखरेवर हिशेब बसवून वाघीण कडेपर्यंत भरली तर पुढच्या वजनकाट्यावर ती जादा निघते. मग रेल्वे अधिनियम १९८९ च्या कलम ७३ खाली दंडात्मक आकार लागतो, शिवाय वाटेत जादा माल उतरवावा लागू शकतो. वाघिणीवर रंगवलेली क्षमता आणि त्या मार्गाला त्या मालासाठी दिलेली परवानगी एकच असेल असे नाही. वाघिणीच्या प्रकारानुसार पोत्यांचा आकडा मालबाबूकडून लेखी घ्या. वरच्या हिशेबातले १,२६० हे उदाहरण आहे. रेक मिश्र असेल तर दोन आकडे लागतील आणि ते खडूने दारावर मोठे लिहावे लागतील.

पावसाळ्यात बंद वाघीणही वाचवत नाही, कारण भिजतात ती पोती ट्रक आणि दार यांच्यामधल्या चार मीटरांत. धक्क्याच्या छपरापासून वाघिणीच्या छतापर्यंत ताडपत्री ताणून बांधा. विजेची तार असलेल्या मार्गावर वाघिणीच्या छतावर चढायचे नाही, दोरी किंवा बांबू वर फेकायचा नाही. वरची तार २५,००० व्होल्टची असते, आणि ती ओढायला स्पर्शच व्हावा लागतो असे नाही. ताडपत्री दाराच्या वरच्या कडेला खालूनच अडकवा. पाऊस इतका असेल की काम थांबवावेच लागले, तर थांबल्याची आणि पुन्हा सुरू झाल्याची वेळ दोन्ही बाजूंच्या सहीने लिहून ठेवा. डेमरेज माफीच्या अर्जाला नंतर हीच नोंद लागते आणि अर्ज लगेच द्यावा लागतो.

शेवटचा पाऊण तास

जिथे वेळ वाचवणे सर्वात सोपे तिथेच तो सर्वात जास्त वाया जातो. पोती संपली, टोळ्या चहाला गेल्या, चार वाघिणींची दारे उघडी, मोजणी जुळत नाही, आणि रिलीजचा कागद चाळीस मिनिटांनी दिला जातो. घड्याळ पोते टाकल्यावर थांबत नाही. शेवटचे दार बंद होऊन रेक मोकळा केल्याचे रेल्वेला कळवल्यावर थांबते. नवव्या तासाला पाच मिनिटे ओलांडली तरी ६,३०० रुपये गेले.

म्हणून दारे एकेक लावत या. जी वाघीण भरली तिची मोजणी त्याच क्षणी, दार बंद, खिळी, सील, लेबल. शेवटी फक्त तीन-चार वाघिणी उरल्या पाहिजेत. पाचव्या तासाला जो गट मागे असेल त्याला पुढे गेलेल्या गटातले चार जण द्या. सहाव्या तासानंतर दिले तर वाघिणीत जागाच उरलेली नसते आणि माणसे एकमेकांच्या पायांत येतात.

फॉरवर्डिंग नोट, म्हणजे माल पाठवण्याचा अर्ज, आणि भाड्याची रक्कम भरणी चालू असतानाच तयार ठेवा. रेल्वे रसीद, म्हणजे आरआर, इलेक्ट्रॉनिक पद्धतीने घेत असाल तर माल घेणाऱ्याकडे तिची सोय आहे ना ते आधीच विचारा. मोजणी रेल्वेने स्वतः केलेली नसेल तर रसीद 'भरणाऱ्याच्या सांगण्यानुसार' निघते आणि पोती कमी भरली तर किती पोती भरली होती ते सिद्ध करण्याचे ओझे तुमच्यावर येते. म्हणूनच ते अकरा मोजणारे.

सुटायच्या अंदाजाच्या दोन तास आधी रेल्वेला कळवा, म्हणजे नियंत्रण कक्ष इंजिन आणि चालक यांची तजवीज करतो. भरून तयार रेक इंजिनाविना सहा तास उभा राहिला तर तुमचे डेमरेज लागत नाही, पण पुढच्या वेळी तुम्हाला मिळणारा रेक तेवढाच उशिरा मोकळा होतो. इंजिन रेकसोबतच थांबवणारी योजना धक्क्यावर लागू असेल तर मोफत वेळ कमी मिळतो. वरचा हिशेब तेव्हा पुन्हा मांडावा लागेल.

लहान कारखाना असेल तर

२,६४६ टन एका वेळी नसतील तर दोन ठिकाणी उतरणारा रेक किंवा छोटा रेक मागता येतो. त्यांच्या अटी आणि भाडे वेगळे असते. आणखी एक मार्ग म्हणजे ज्या दिशेने रेक एरवी रिकामे जातात त्या दिशेचा माल शोधणे. अशा दिशांना रेल्वे भाड्यात सूट देते. तुमच्याच धक्क्यावर खत किंवा सिमेंट उतरत असेल तर त्याच वाघिणी भरायला मागा. रिकाम्या रेकची वाट पाहण्याचा काळ वाचतो. फक्त वासाची तपासणी मग दुप्पट काळजीने करा.

दहा रेकची वही

प्रत्येक रेकच्या आठ वेळा एका पानावर लिहा: स्टेशनात आला, धक्क्याला लागला, पहिले पोते, निम्मी पोती, शेवटचे पोते, शेवटचे दार, रिलीजचा कागद, सुटला. दहा रेक झाले की शेजारशेजारच्या वेळांतले अंतर काढा. पहिल्या पोत्याला दीड तास लागत असेल तर माणसे उशिरा येतात किंवा तपासणी टोळ्यांकडूनच करून घेतली जाते. तपासणीला वेगळे बारा जण लावा. पहिला अर्धा भाग अडीच-तीन तासांत आणि दुसरा चार तासांत होत असेल तर ट्रक कमी पडताहेत. फाटकावर दुसरा नोंदणारा बसवा. शेवटचे पोते आणि कागद यांत तासभर असेल तर मोजणी मागे राहते. आणि दोन्ही अर्धे सारखेच मंद असतील, तरच टोळ्या वाढवा.